बावीस घरांची मुकादमीण

ठाणे-तुर्भे रेल्वे लाईनच्या ताज्या भरावावर मी पहिल्यांदा मोजणीच्या लेव्हलची तिपाई रोवली, तेव्हा मागून बाईमाणसाचा आवाज आला, "खचंल ती."

वळून पाहिलं. पन्नाशीची, उंच, हाडापेरानं मजबूत बाई. नऊवारीचा घट्ट काष्टा, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट, आणि जिथं बायका चाव्या खोचतात तिथं कमरेला नटबोल्ट आवळायचा हातभर पाना. मी तेवीस वर्षांचा होतो. इंजिनिअरिंग डिप्लोमाच्या कागदाची घडीही अजून मोडलेली नव्हती. मी जरा तोऱ्यातच म्हणालो, "मावशी, हे तुमचं काम नाही."

"मावशी? माजी भन तुजी आय हाय व्हय?"

घमेली घेऊन उभी असलेली माणसं हसली. मी कान बंद करून काम करत राहिलो. दुपारपर्यंत तिपाईचे दोन पाय दोन बोटं खाली गेले आणि सकाळपासूनचे सगळे आकडे वाया गेले. बाईंनी तीन चपटे दगड आणले, तिपाईच्या पायांखाली एकेक सरकवला आणि निघून गेल्या. जेवणानंतर मी सगळी मापं पुन्हा घेतली.

त्यानंतर अडीच वर्षं मी त्यांच्याबरोबर काम केलं. त्या मला 'साहेब' म्हणायच्या आणि लगेच 'तू'वर यायच्या. "साहेब, तू बाजूला हो." "साहेब, तुला कळत न्हाय." साहेब हे त्यांच्या लेखी माझं नाव होतं, हुद्दा नव्हता. मी त्यांना मुकादमीणबाई म्हणू लागलो. सगळेच म्हणायचे.

खरं तर मुकादम त्यांचे यजमान. साताऱ्याकडच्या चाळीसेक माणसांची टोळी घेऊन ते लाईनीलाईनीवर फिरायचे. रूळ जिथं पडायचे असतील तिथं वस्ती करायची, भराव, खडी, रुळांखालचे स्लीपर अशी कामं उरकायची, आणि काम संपलं की पुढच्या लाईनीवर जायचं. अशाच एका वस्तीत ते काविळीनं गेले. तेरावं झालं. चौदाव्या दिवशी टोळी कामाला निघाली आणि कोणाला कुठं धाडायचं हे सांगायला कोणीच नव्हतं. बाई चुलीपुढून उठल्या आणि सांगू लागल्या. तेव्हापासून त्या सांगतच होत्या. कंपनीच्या कागदावर मात्र त्या पाणी पाजणाऱ्या बाई होत्या. एकदा मी तो कागद बदलून घ्यायचं काढलं, तर म्हणाल्या, "कागदाव पानी पाजतीया तेच बरं. मुकादम लिवलंस तर उद्या मला सुट्टी द्याय दुसरा मुकादम येईल."

आमची वस्ती रबाळ्याच्या कारखान्यांची मागची भिंत आणि नव्या लाईनीचा भराव यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत होती. बावीस घरं आणि एक माझं साईट ऑफिस. ही बावीस घरं बाईंनी चार दिवसांत उभी केली होती. लोखंडी अँगलचे खांब, पत्र्याच्या भिंती, पत्र्याचं छप्पर, आणि सगळं नटबोल्टनं आवळलेलं. बाईंना लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यांनी प्रत्येक घराला एक चित्र दिलं होतं. कोणाचा विळा, कोणाचा मासा, कोणाची चिमणी, कोणाचा तांब्या. त्या घराच्या प्रत्येक पत्र्यावर आणि खांबावर तेच चित्र लाल रंगानं काढलेलं, आणि चित्राखाली ठिपके. एक ठिपका म्हणजे पुढची भिंत, दोन म्हणजे उजवी. माझ्या ऑफिसला त्यांनी टोपी दिली होती.

त्या वस्तीत सिमेंटला बंदी होती. ओटा नाही, न्हाणीची फरशी नाही, तुळशीचं वृंदावनही नाही. तुळस डालड्याच्या डब्यात. कोणी गुपचूप मूठभर सिमेंट आणून चुलीमागं थापलं तर बाई पहारीनं उकरून टाकायच्या. मी एकदा विचारलं, "एवढा राग कशाचा?"

"राग न्हाय. सिमेट घातलं की मानसाला वाटतं आपुन इथलं. आन आपुन कुटलंच न्हाय. मंग निगताना रडारड हुतीया."

त्याहून विचित्र त्यांची कवायत. एक आड एक सुट्टीच्या दिवशी, सकाळची भाकरी झाली की त्या वस्तीतलं एक घर उतरवायला लावायच्या आणि लगेच पुन्हा उभं करायला लावायच्या. कारण विचारलं तर म्हणायच्या, "बोल्ट गंजत न्हाईत." लोक वैतागायचे. सुट्टीच्या दिवशी माणसाला झोपायचं असतं, दिघ्याला बाजार करायला जायचं असतं. पण पाळी आली की घरातली भांडी बाहेर यायची, पत्रे खाली यायचे, आणि बाई मधोमध उभ्या राहून "दोन ठिपकं आदी! तिकडचा बोल्ट नगं काढू!" असं ओरडत राहायच्या. सुरुवातीला एका घराला दोन तास लागायचे. वर्षाअखेर पाऊण तासावर आलं.

एका सुट्टीला मी ऑफिसात बसून हिशेबाचे तक्ते भरत होतो. एकाएकी टेबलावर ऊन पडलं. वर पाहिलं तर छप्पर नव्हतं. भिंतीच्या कडेवरून बाई वाकून बघत होत्या. "तू बस साहेब, लिव. आमी तुज्या भोवतीनं काढतो." मी खुर्चीवर बसून राहिलो आणि माझ्या चारी बाजूंच्या भिंती निघून गेल्या. लाईनीवरून जाणारी पोरं टाळ्या वाजवत होती. तासाभरात ऑफिस पुन्हा माझ्या भोवती उभं राहिलं.

कंपनीचे एक मोठे साहेब एकदा पाहणीला आले. त्यांनी गाडीतूनच विचारलं, "ही झोपडपट्टी कोणाची?"

मी उत्तर जुळवत होतो तेवढ्यात बाई पुढं झाल्या. "झोपडपट्टी न्हाय. ठेसन हाय."

"स्टेशन? कुठलं स्टेशन?"

"गाडी यायच्या आदीचं."

साहेबांनी काच वर केली.

बाईंनी आयुष्यात अशा सात वस्त्या केल्या होत्या, ही आठवी. त्यांची यादी त्या पाण्यावरून सांगायच्या. दिवा-पनवेल अंगाला एक होती, तिथलं पाणी मचूळ. घाटाच्या पायथ्याची एक, तिथलं गोड, पण दीड कोस. बोगद्याच्या तोंडाशी एक, तिथल्या पाण्याला लोखंडाची चव. त्यांची तीन मुलं अशाच तीन वस्त्यांत जन्मली. दोन लहानपणीच गेली, एक मुलगा राहिला. यातल्या एकाही वस्तीला नाव नव्हतं, आणि आता ती असल्याची खूणही कुठं नव्हती. "समदी झाडून दिली," त्या अभिमानानं सांगायच्या. "एक खिळा म्हागं न्हाय ठेवला."

मूळ गावी, साताऱ्याकडं, त्या का जात नाहीत हे मी एकदाच विचारलं. "दीर हाय तिकडं. घर हाय, शेत हाय. त्याचं." एवढंच म्हणाल्या.

आणखी एक गोष्ट मला नंतर कळली. इथं पहिला खांब रोवायच्या आधी बाई खाडीकडच्या गावात गेल्या होत्या आणि ही जमीन पूर्वी कोणाची होती ते विचारत विचारत एका म्हाताऱ्या आगरी शेतकऱ्याच्या ओटीवर जाऊन बसल्या होत्या. "तुमच्या बांधाव ऱ्हाऊ का?"

म्हातारा चक्रावला. "अगो बाय, ती जमीन आता माजी कुटं? सरकारनं घेतली. सरकारला इचार."

"सरकारला कंपनी इचारंल. मी तुमास्नी इचारतीया."

म्हाताऱ्यानं आत हाक मारून चहा टाकायला सांगितलं.

दोन वर्षं उलटली. भराव पुरा झाला, खडी पडली, स्लीपर आले, रूळ जोडायचं काम तुर्भ्याकडून आमच्या दिशेनं सरकू लागलं. काम संपत आलं की वस्तीत एक अस्वस्थपणा येतो. त्यातच दिघ्याचा एक पुढारी पांढरे कपडे घालून आमच्या वस्तीत येऊ लागला. त्याचं म्हणणं सोपं होतं. "विटांच्या भिंती घाला, खाली सिमेंटचा कोबा करा, एक देऊळ बांधा. मग तुमाला कोण हात लावतो बघू. झोपडीचा फोटोपास मी मिळवून देतो. टेन्शन नाय घ्यायचं."

लोकांना ते पटत होतं. का पटू नये? दिघ्यात त्यांच्या डोळ्यांदेखत कितीतरी घरं अशीच पक्की झाली होती. सहा कुटुंबांनी विटा आणल्या. बाई सगळ्यांना घरोघर जाऊन सांगत होत्या की ही पट्टी लाईनीला खेटून आहे, इथं काही टिकणार नाही. "म्हातारीला येड लागलंय," असं तोंडावर म्हणण्यापर्यंत त्यातल्या काहींची मजल गेली. त्या सहा घरांच्या भिंती उठल्या. छपराला मात्र जुनेच पत्रे राहिले.

आणि मग एका सकाळी बाईंच्या स्वतःच्या दारात सिमेंटच्या आठ गोण्या येऊन पडल्या. त्यांच्या मुलानं आणल्या होत्या.

मुलगा चोवीस-पंचवीसचा. टोळीत तो कधी आला नाही. रबाळ्याच्या एका कारखान्यात लागला होता आणि नुकताच पर्मनंट झाला होता. शांत पोरगा. आईशी वाद घालताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. त्याचं लग्न होऊन वर्ष झालं होतं, आणि बायकोला सातवा महिना होता.

बाईंनी गोण्या पाहिल्या आणि जाऊन त्यांच्यावर बसल्या. सकाळी आठला बसल्या त्या उठेचनात. टोळीला कामं तिथूनच वाटून दिली. तांदूळ तिथंच निवडले. खडीच्या गाड्यांचं विचारायला मला तिथं जावं लागलं. त्यांनी गोणीवर मांडी घालून नेहमीसारखी उत्तरं दिली. मुलानं त्या दिवशी खाडा केला होता. तो दाराला टेकून उभा होता. मला पाहून म्हणाला, "साहेब, तुमी सांगा हिला. मला नाय फिरायचं आता. एका जागी राहायचंय."

"राहा की," बाई म्हणाल्या. "पर ही जागा ऱ्हायची न्हाय."

"तू दर वेळी हेच बोलतेस."

"आन दर येळी तसंच हुतंय."

दुपार झाली. उन्हानं गोण्या तापल्या, तरी बाई हलेनात. शेवटी सून बाहेर आली. साताऱ्याकडचीच, कमी बोलणारी पोर. सासूसमोर ती कधी डोक्यावरचा पदर खाली घेत नसे. तिनं पाण्याचा तांब्या सासूच्या हातात दिला आणि तिथंच जमिनीवर टेकली.

"आत्या, एक इचारू?"

"इचार."

"ह्यांचा जलम कुटला?"

"बोगद्याच्या तोंडाची वस्ती. तुला म्हाईत हाय की."

"हाय का ती वस्ती आता?"

"न्हाय."

"ह्यांना पर्मनंट केलं तवा कागदाव जलमठिकान लिवायचं हुतं. ह्यांनी काय लिवलं म्हाईत हाय का तुमास्नी?"

बाईंनी तांब्या मांडीवर टेकवला.

"रेल्वे लाईन," सून म्हणाली. "क्लार्क हसला. त्यानं समद्यांना सांगितलं. अजून कारखान्यात ह्यांना त्याच नावानं हाका मारत्यात. ए रेल्वे लाईन, हिकडं ये. ए रेल्वे लाईन, च्या आन." तिनं पोटावरचा पदर सारखा केला. "माज्या पोराला कोनी इचारलं, तर मी काय सांगू?"

बाईंनी मुलाकडं पाहिलं. "व्हय रं?"

तो दुसरीकडं बघत होता. त्यानं मान हलवली.

"मला का न्हाय बोललास?"

"तुला काय वाटलं असतं," तो म्हणाला.

मी तिथून निघून जायला हवं होतं, पण पाय निघेना. बाईंनी तांब्या तसाच खाली ठेवला. पाणी त्यांनी प्यायलंच नाही. मग त्या गोण्यांवरून उठल्या. मागचा काष्टा सिमेंटनं पांढरा झाला होता.

"घालू सिमेट," त्या म्हणाल्या. "पर हितं न्हाय. जिथनं कोन उठवायचं न्हाय तिथं घालू. ह्या गोण्या झाकून ठिवा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बरोबर घेतलं आणि त्या खाडीकडच्या गावात गेल्या. म्हाताऱ्याच्या गोठ्यामागं खडकाळ उतार होता. तिथं भात पिकत नव्हतं, म्हणून तो संपादनात गेला नव्हता. जुन्या गावठाणातच राहिला होता. बाईंनी तो आधीच हेरून ठेवलेला असावा. त्यांनी सरळ मागितला. सोळा घरांना, भाड्यानं, कायमचा.

म्हाताऱ्याची दोन्ही मुलं जागेला नाही म्हणत होती. त्यांच्या डोक्यात चाळीचं, गाळ्यांचं घोळत होतं, आणि त्यात काही चूक नव्हतं. भाताची सगळी जमीन गेल्यावर त्यांच्याकडं तेवढंच उरलं होतं. म्हाताऱ्यानं त्यांना हातानं गप्प केलं. "हिकडं इतकी मानसं आली. कंपन्या आल्या, सायब आले. ही जमीन कोनाची व्हती, असं मना कोनी इचारलं नाय. हिनं इचारलं." मग बाईंकडं वळून म्हणाला, "पन लिवून घेऊ. मी मेल्यावर पोरं ऐकाची नाय." तो कागद माझ्याच अक्षरात झाला. त्यानं सही केली आणि बाईंनी अंगठा उठवला.

काम संपेपर्यंत लोक लाईनीवरच हवे होते, म्हणून आता प्रश्न उरला तो वस्ती हटवायच्या तारखेचा. मला प्रोजेक्ट मॅनेजरनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "गुरुवारी सकाळी दहाला वस्ती साफ होणार आहे. मशीन येईल, पोलीस येतील. लोकांना कळता कामा नये. कळलं की दगडफेक होते." मी हो म्हणालो. दोन दिवस ती तारीख पोटात घेऊन मी वस्तीत वावरलो. बाईंनी मंगळवारी दुपारी मला भरावावर गाठलं.

"कवा?"

मी मोजणीची फीत गुंडाळू लागलो.

"साहेब, मी दगुड मारनार हाय का?"

"गुरुवारी," मी म्हणालो. "दहाला."

"इचार करून सांगितलंस न्हवं? नोकरी जाईल तुजी."

"विचार करूनच सांगितलं."

"मंग परवा उजाडताना ये. पाना घिऊन ये."

गुरुवारी मी पोचलो तेव्हा पूर्वेला पारसिकच्या डोंगरामागं नुकतं फटफटत होतं. सोळा घरांची भांडी बाहेर मांडून झाली होती. बाई वस्तीच्या मधोमध उभ्या होत्या. "पयलं हापीस," त्या म्हणाल्या. माझ्या ऑफिसपासून सुरुवात झाली, आणि या वेळी मीही बोल्ट काढत होतो. चार टोळ्या चार घरांना लागल्या. कोणी ओरडत नव्हतं, कोणी कोणाला विचारत नव्हतं. ज्या कवायतीला लोक दोन वर्षं शिव्या घालत होते, ती त्यांच्या हातात आपोआप उतरली होती. आधी छप्पर, मग दोन ठिपके, मग तीन. खांब निघाले की खड्डे बुजवायचे, वर पाणी मारायचं.

खडी उतरवून रिकामे परत जाणारे दोन टिपर मी थांबवले. परवानगी नव्हती. चिठ्ठीवर 'जुने पत्रे हलवणे' असं लिहून खाली सही केली. टिपर गावाकडं चार फेऱ्या मारून आले. साडेनवाला शेवटची फेरी निघाली. मग बाईंनी बायकांना खराटे दिले आणि पट्टी झाडून घेतली.

बरोबर दहाला मशीन आलं, मागं पोलिसांची गाडी. अधिकारी खाली उतरले, हातातला नकाशा उलगडला, पुढं पाहिलं, पुन्हा नकाशा पाहिला. समोर स्वच्छ झाडलेली जमीन आणि एका टोकाला विटांची सहा घरं.

"बावीस होती ना?" त्यांनी मला विचारलं.

"व्हती," बाई म्हणाल्या. "गेली."

विटांच्या घरांतली माणसं दारांत उभी होती. पुढारी कुठं दिसत नव्हता. त्यांनी त्याच्याकडं माणूस पाठवला होता, तो एकटाच परत आला. अधिकाऱ्यांनी हात केला आणि मशीन पहिल्या घराला लागलं. भिंत आत कोसळली, तिच्यावर छप्पर आलं, पत्रे कागदासारखे चुरगळले. दुसरं घरही तसंच. एक बाई आतलं पिठाचं पीप, पिठाचं पीप म्हणून ओरडत होती.

तिसऱ्या घराकडं मशीन वळलं तेव्हा मुकादमीणबाई चालत गेल्या आणि त्याच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. दगड नाही, शिवी नाही. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. पोलीस पुढं सरसावले.

"अर्दा तास द्या," बाई अधिकाऱ्यांना म्हणाल्या. "ही चार घरं आमी उतरवतो. तुमच्या मशीनला भिंती ऱ्हातील, त्या पाडा. पत्रं आन भांडी आमची."

"बाई, ही तुमची घरं आहेत का?"

"न्हाईत."

"मग?"

"मानसं माजी हायेत."

अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. मला वाटतं झाडलेल्या जमिनीचा त्यांच्यावर काही परिणाम झाला असावा. "अर्धा तास," ते म्हणाले, आणि गाडीच्या सावलीत जाऊन उभे राहिले.

सोळा घरांची माणसं त्या चार घरांवर तुटून पडली. पंचवीस मिनिटांत चारही छपरं खाली, भांडी बाहेर, पिठाचं पीपसुद्धा ढिगाऱ्यातून उपसून काढलं. बाईंना वेडी म्हणणारा माणूस खाली उभा राहून पत्रे झेलत होता आणि शर्टाच्या बाहीला डोळे पुसत होता. बाई त्याला म्हणाल्या, "रडायचं मागनं. कोपरा धर."

टिपरचं प्रकरण अर्थातच वर पोचलं. मला मेमो मिळाला. त्याचं उत्तर मी लिहितोय, तोवर बाई परस्पर प्रोजेक्ट मॅनेजरच्या केबिनमध्ये गेल्या आणि समोरच्या खुर्चीवर बसल्या. "ह्या पोरानं टिपर दिलं न्हाईत. मी नेलं."

"तुम्हाला टिपर चालवता येतो?"

"न्हाय. डायवरला सांगता येतं."

मॅनेजरना हसू आलं, पण मेमो मागं घेतला नाही. माझी बढती वर्षभर लांबली. त्या वर्षाचं मला कधी वाईट वाटलं नाही.

गावातल्या उतारावर शेवटी सोळाची बावीस घरं झाली, कारण त्या सहा कुटुंबांना बाई बरोबरच घेऊन आल्या. म्हाताऱ्याच्या मुलांनी दोन दिवस कुरकुर केली आणि तिसऱ्या दिवशी पाण्याची लाईन दाखवायला स्वतःच आली. मुलानं झाकून ठेवलेल्या गोण्या फोडून घराचा कोबा केला. त्यावर पाणी मारायचं काम बाईंनी दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. तीन आठवडे, सकाळ-दुपार-संध्याकाळ, हातात तांब्या. मी म्हणालो, "इतकं पाणी लागत नाही."

"तुला काय म्हाईत? माज्या जलमात पयलं सिमेट हाय."

त्याच घरात नात झाली. सून दवाखान्यात जायला निघेपर्यंत वेळच राहिला नाही, गावातल्या सुईणीनं सोडवलं. जन्माची नोंद करायला मुलगा कार्यालयात गेला, तेव्हा बाईही बरोबर गेल्या. ठिकाणाच्या रकान्यात गावाचं नाव आणि घर नंबर लिहिला गेला. घरी येऊन बाईंनी तो कागद सुनेच्या हातात दिला. वाचता येत नव्हतं तरी त्या एका ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हितं लिवलंय बग."

आता बाई स्थिरावतील असं सगळ्यांनी धरलं होतं. नात पाच महिन्यांची झाली आणि पनवेलच्या पलीकडं, कर्जतच्या अंगाला नव्या लाईनीचं काम निघाल्याची बातमी आली. बाईंनी टोळीतल्या अकरा कुटुंबांना विचारलं. ती तयार झाली.

"आई, आता घर झालं की," मुलगा म्हणाला.

"तुजं झालं."

"तुझं नाय?"

बाईंनी मुलाच्या पाठीवरून हात फिरवला. तसं करताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. "हितं बसले तर मी तुमास्नी दिसभर कामं सांगंन. चार दिसांत इटशिला. तिकडं मानसं नवी हायेत, त्यांना कोन सांगनार? दिवाळीला येते. आजारी पडले तर न्यायला ये."

मुलानं वाद घातला नाही. त्यानं कारखान्यात आठ दिवसांची रजा टाकली. ज्यानं आयुष्यभर टोळीत यायचं नाकारलं होतं, तो आईची नवी वस्ती उभी करायला निघाला. मीही एक दिवस सुट्टी काढून त्यांच्याबरोबर टिपरमध्ये बसलो.

डोंगराच्या पायथ्याशी मोकळं रान होतं. उन्हात वाळलेलं गवत, पलीकडं आखणीच्या चुन्याच्या रेघा. अकरा कुटुंबं सामानाजवळ बसली होती. नवी पोरं खांब उचलत होती आणि उलटे धरत होती. मुलगा त्यांच्याकडं गेला, एकाच्या हातातला खांब फिरवून नीट धरला आणि समजावून सांगू लागला. बाई पत्र्यांच्या ढिगावर बसल्या होत्या. कोणीतरी त्यांच्या हातात चहाचा पेला दिला. त्या चहा पीत मुलाकडं बघत होत्या आणि एकदाही मध्ये बोलल्या नाहीत.

बऱ्याच वेळानं त्यांचं माझ्याकडं लक्ष गेलं.

"तू का थांबलायस?" त्या म्हणाल्या. "तुजी लाईन झाली की."

मी नमस्कार करायला वाकलो, तर त्यांनी दंडाला धरून वर ओढलं आणि टिपरकडं ढकललं. टिपर रस्त्याला लागला. वळणावर मी मागं पाहिलं, तेव्हा पहिल्या घराचे चारही खांब उभे होते आणि बाई उठून दुसऱ्या घराची जागा चालून मोजत होत्या.